जुन्या लष्करी ट्रकची वीज कोठे अडते?

दहा चाकांचा एक जुना लष्करी ट्रक अंगणात उभा आहे अशी कल्पना करा. आदल्या दिवशी तो बिनतक्रार धावला होता. आज मालकाने स्विच चालू केला, तेव्हा दिवे लागले, काटे हलले, सूचना देणारा बझरही वाजला. मग त्याने सेल्फचे बटण दाबले. बोनेटखालून एकदाच ‘टक्’ असा आवाज आला आणि सारे एकदम गप्प झाले. दिवे विझले, काटे खाली पडले, बझर मुका झाला. पाचदहा मिनिटांनी पाहतो तो दिवे पुन्हा लागलेले! पुन्हा बटण, पुन्हा ‘टक्’, पुन्हा अंधार. या भुताटकीला कंटाळून पुष्कळ माणसे प्रथम नव्या बॅटऱ्या विकत घेतात, त्याने भागले नाही म्हणजे सेल्फ उतरवतात, मग आल्टर्नेटर, आणि शेवटी संतापाच्या भरात गाडीतल्या साऱ्या तारा उपटून काढतात. हजारो रुपये खर्ची पडतात, आणि मूळ दोष कित्येकदा पाना घेऊन अर्ध्या तासात काढता येण्याजोगा असतो. तो कसा हुडकावा, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

उदाहरणादाखल मी अमेरिकन सैन्याचा ‘एम-३५’ हा अडीच टनी ट्रक घेतो. त्याची मूळ आखणी रिओ या मोटार कंपनीने १९५० च्या सुमारास केली आणि पुढे काही दशके वेगवेगळ्या कारखान्यांतून तो तयार होत राहिला. सैनिकांनी त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ असे लाडके नाव दिले होते. व्हिएतनामच्या युद्धात तो सर्वत्र दिसे. सैन्याने मोडीत काढल्यावर असे पुष्कळ ट्रक अमेरिकेत सामान्य नागरिकांनी विकत घेतले आणि आजही हौशी लोक ते मोठ्या निगुतीने चालवतात. बेळगाव, महू, सिकंदराबाद अशा छावणीच्या गावी राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना लष्करी गाड्यांच्या रांगा पाहण्याची सवय आहे, आणि युद्धोत्तर लिलावात निघालेल्या जीपगाड्यांची कहाणीही ठाऊक आहे. पण एम-३५ निवडण्याचे कारण वेगळे आहे. त्याची विजेची मांडणी अतिशय सरळ आहे. त्यात लपवाछपवी नाही, इलेक्ट्रॉनिक मेंदू नाही. या एका गाडीची रीत समजली की कोणत्याही जुन्या ट्रकपुढे मनुष्य गोंधळून उभा राहणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातील जीप आणि जी.एम.सी.चे अडीच टनी ट्रक यांची वीज ६ व्होल्टची होती. युद्धानंतरच्या गाड्यांसाठी अमेरिकन सैन्याने २४ व्होल्ट ठरवून टाकले. त्यामागे साधा हिशेब आहे. दाब चौपट केला की तेच काम चौथाई प्रवाहात होते. तारा बारीक चालतात आणि वाटेत वीज कमी गळते. हे २४ व्होल्ट मिळतात ते १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक, म्हणजे एकसरीत, जोडून. एकीचे ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला एका आखूड केबलने बांधलेले असते. उरलेले धन टोक गाडीला वीज पुरवते आणि उरलेले ऋण टोक चासीला जोडलेले असते. अमेरिकन गाडीत चालक डावीकडे बसतो. बॅटऱ्यांची पेटी उजवीकडे, सोबत्याच्या दाराखाली पायरीपाशी असते. म्हणजे चिखल, पाणी आणि धूळ यांचा पहिला मारा तिच्यावरच होतो, हे ध्यानात ठेवा.

पेटीतून निघालेली जाड केबल सेल्फकडे जाते. गाडीच्या इतर भागांना वीज देणारी तार बहुतेक त्याच टोकावर बसवलेली आढळते. तेथून ती चालकापुढच्या फळ्याकडे येते आणि मग तिला फाटे फुटतात. एक फाटा काटे, बझर वगैरेंसाठी असलेल्या मुख्य स्विचकडे जातो, तर दुसरा दिव्यांच्या तीन दांड्यांच्या स्विचकडे. काम करून झाल्यावर वीज चासीच्या लोखंडातून परत बॅटरीच्या ऋण टोकाकडे येते. येण्याची वाट दिसते, कारण ती तारेची आहे. परतीची वाट दिसत नाही, म्हणून ती तपासायचे कुणाला सुचत नाही. निम्मे घोटाळे तेथेच होतात.

आता आपल्या भुताटकीकडे वळू. मालकाने मीटर लावून पाहिले असते तर मीटरने बॅटरीवर २५ व्होल्ट दाखवले असते, सेल्फच्या टोकावर २५ आणि स्विचवरही २५. सगळीकडे वीज हजर, आणि तरी काम होत नाही! येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. व्होल्ट म्हणजे दाब आणि अँपिअर म्हणजे वाहणारा प्रवाह. नळाची तोटी बंद असताना अर्धवट तुंबलेल्या नळातही पाण्याचा दाब पुरा असतो. तोटी सोडल्यावर धार बारीक पडते तेव्हा नळ तुंबल्याचे कळते. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणून तुंबलेला जोड त्याला दिसत नाही.

आकड्यांनी पाहू. एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध एक दशांश ओहम आहे असे धरा. हा रोध इतका क्षुल्लक की साध्या मीटरच्या ओहमच्या घरात तो धड वाचताही येत नाही. पुढचे दोन मोठे दिवे मिळून सुमारे ४ अँपिअर घेतात. तेव्हा या जोडावर ०.४ व्होल्ट खर्च होतात आणि दिव्याच्या उजेडात डोळ्यांना फरक कळत नाही. सेल्फला मात्र काही शे अँपिअर लागतात. नुसते २०० धरले तरी ते वाहण्यासाठी त्या एका जोडावरच २० व्होल्ट खर्च व्हावे लागतील. मग सेल्फच्या वाट्याला काय उरणार? शिवाय त्या जोडातून १०० अँपिअर जरी वाहिले तरी तेथे १००० वॅट उष्णता निर्माण होते. कपड्यांच्या इस्त्रीची उष्णता एवढीच असते, आणि येथे ती बोटाएवढ्या शिशाच्या तुकड्यात कोंडलेली असते! जोड तापतो, किंचित सरकतो, धातूचा धातूशी असलेला उरलासुरला संबंधही तुटतो आणि साऱ्या गाडीची वीज जाते. जोड थंड झाला की कडा पुन्हा एकमेकींना टेकतात, आणि दिवे लागतात. भुताटकी म्हणतात ती एवढीच.

बॅटरी खरोखर उतरली असेल तर लक्षणे निराळी असतात. तेव्हा सेल्फ कण्हत कण्हत फिरतो किंवा ‘टकटकटक’ असा सलग आवाज करतो. दिवे मंद होतात, पण बटण सोडताच पूर्ववत होतात. एकच ‘टक्’ आणि नंतर काही मिनिटे संपूर्ण अंधार, हे जोड सैल किंवा गंजलेला असल्याचे चिन्ह समजावे. अनुभवी मिस्त्री हा फरक कानाने ओळखतो.

तपासाला लागण्यापूर्वी दोन शब्द सावधगिरीचे. २४ व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून कित्येक जण या कामाला हसण्यावारी नेतात. तसे करू नये. बॅटरीच्या जाड केबलवर फ्यूज नसतो. हातातले लोखंडी घड्याळ किंवा बोटातली अंगठी धन टोक आणि चासी यांच्यामध्ये सापडली तर ती क्षणात लाल होते आणि मांसात रुतते. म्हणून अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. पेटीजवळ विडी-सिगारेट नको आणि ठिणगीही नको. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलवर असावा. आणि केबल सोडताना चासीला जोडलेली ऋण केबल सर्वांत आधी काढावी, लावताना सर्वांत शेवटी लावावी. कारण असे, की धन टोक आधी सोडायला गेलात आणि पान्याचे दुसरे टोक पेटीच्या पत्र्याला लागले, तर वीज पान्यातूनच परतीची वाट धरते. ऋण केबल आधी निघाली असेल तर पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही.

प्रथम बॅटऱ्या पाहाव्यात, आणि त्या वेगवेगळ्या पाहाव्यात. दोहोंचे मिळून २४ व्होल्ट भरले म्हणून समाधान मानू नये, एक १२.७ वर आणि दुसरी ११.३ वर असली तरी बेरीज २४ च येते, पण दुसरी बॅटरी निकामी होण्याच्या वाटेवर असते. रात्रभर स्वस्थ ठेवलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. झाकणे उघडणारी असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक घराची ग्रॅव्हिटी घ्यावी. भरलेल्या घराची १.२६ ते १.२८ असते. सहांपैकी एकच घर खूप खाली असेल तर ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी तग धरणार नाही. मग सोबत्याला बटण दाबायला सांगून सेल्फ फिरत असताना प्रत्येक बॅटरीवर मीटर धरावे. साडेनऊ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी दुर्बळ समजावी. दोन्ही बॅटऱ्या ताठ राहिल्या आणि सेल्फ तरीही फिरला नाही, तर वीज बॅटरीबाहेर कोठेतरी अडली आहे हे सिद्ध झाले. नव्या बॅटऱ्यांचे पैसे वाचले!

यानंतरची कृती या साऱ्या विद्येचे सार आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, प्रत्यक्ष खुंटीवर, टेकवावी आणि दुसरी त्याच खुंटीला आवळलेल्या केबलच्या पकडीवर. दोहोंत केसाइतकेही अंतर नाही, म्हणून मीटर शून्य दाखवेल अशी आपली अपेक्षा. आता बटण दाबायला सांगा. मीटर शून्याजवळच राहिले तर जोड निरोगी. ते एकदम दोन, पाच, दहा व्होल्टवर उडाले तर चोर सापडला. असेच पुढे सरकावे: पकडीपासून केबलच्या दुसऱ्या टोकापर्यंत, त्या टोकापासून सेल्फच्या खिळ्यापर्यंत. दोन बॅटऱ्यांना जोडणारी आखूड केबल विसरू नये. ती कुणाच्या नजरेत भरत नाही आणि बहुतेक वेळा अपराधी तीच असते. तिच्यातून गाडीची सगळीच्या सगळी वीज जाते, म्हणून ती बिघडली की एकही दिवा शिल्लक राहत नाही. या पद्धतीत काहीही उसकटावे लागत नाही, आणि दोष दिसतो तो काम चालू असतानाच, म्हणजे दोष असतो तेव्हाच. आपल्याकडे कित्येक ठिकाणी दिवा लावून ‘करंट येतोय’ असा निर्वाळा देतात. त्या दिव्याने तार संपूर्ण तुटली आहे की नाही एवढेच कळते. दुबळा जोड त्याला कधीही पकडता येत नाही.

सापडलेला जोड सोडावा. शिशाची खुंटी आणि पकडीचा आतला भाग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावा. पांढरट हिरवी बुरशी जमली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, परंतु ते पाणी बॅटरीच्या घरात जाऊ देऊ नये. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पकडीतही केबलचे तांबे आत काळे पडून कुजलेले असते. केबल वाकवून पाहिली की कुरकुर असा आवाज येतो. अशी केबल घासून उपयोग नाही, बदलावीच लागते. आवळून झाल्यावर व्हॅसलीनचा हात फिरवावा, आधी नव्हे.

मग परतीची वाट. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या खरवडलेल्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा बटण दाबायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा राहिला तर ठीक. इंजिन रबराच्या पायांवर बसवलेले असते, आणि रबर विजेला वाट देत नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या विणीची एक पट्टी असते. गाडीला रंग देताना ती काढून परत लावायची राहिली, किंवा रंगावरच बसवली, तर वीज जी मिळेल ती वाट धरते. कधी ॲक्सिलरेटरच्या तारेतून, कधी इंजिन बंद करण्याच्या ओढतारेतून. बटण दाबल्यावर अशी एखादी तार गरम लागली किंवा तिच्यातून धूर निघाला, तर अर्थिंगची पट्टी पाहावी. सुंदर रंगवलेल्या ट्रकांत हा दोष अधिक आढळतो, ही गमतीची गोष्ट आहे.

सेल्फ उत्तम फिरतो, पण फळ्यावर जीव नाही, असाही प्रकार असतो. येथे एम-३५ ची मांडणी आपल्याला मदत करते. दिव्यांचा स्विच आणि काट्यांचा मुख्य स्विच यांना वीज वेगवेगळ्या फाट्यांनी मिळते. दिवे लागतात आणि काटे मेलेले आहेत, तर दोष मुख्य स्विचमध्ये किंवा त्याच्या फाट्यात. दोन्ही मेले असतील तर फाटा फुटण्याच्या आधी. बझरचाही उपयोग होतो. ब्रेकला साहाय्य करणाऱ्या हवेचा दाब कमी असला की तो वाजतो. सकाळी टाकी रिकामी असताना मुख्य स्विच चालू केला आणि बझर वाजला नाही, तर त्या फाट्यात वीज नाही, अथवा बझर तरी बिघडला आहे. एका कानाने अर्धी तपासणी झाली.

हे ट्रक नदीनाल्यांतून न्यायचे म्हणून तारांचे जोड रबरी टोपणांत बसवलेले असतात आणि प्रत्येक तारेच्या टोकाला आकडा ठोकलेली धातूची चकती असते. हा आकडा म्हणजे तारेचे नाव. गाडीच्या लष्करी पुस्तकातील नकाशात तोच आकडा असतो. तेव्हा रंगावरून तार ओळखण्याची कसरत करू नये, आणि त्या चकत्या काढून तर कधीच टाकू नयेत. पन्नाससाठ वर्षांनी रबर कडक होते, त्याला चिरा पडतात, आत ओल शिरते आणि पितळी खिळा हिरवा होतो. टोपण ओढून, खिळा घासून परत बसवले की बरेच मेलेले दिवे जिवंत होतात. दिवे ठराविक अंतराने स्वतःच विझत आणि स्वतःच लागत असतील, तर मात्र जोडांवर संशय घेऊ नये. या गाडीत काही ठिकाणी फ्यूजऐवजी आपोआप पुन्हा जुळणारे सर्किट ब्रेकर आहेत; तार कोठेतरी सोलवटून चासीला लागत असेल तर ब्रेकर तापून तुटतो, थंड होऊन जुळतो आणि पुन्हा तुटतो. अशा वेळी ब्रेकर काढून तेथे जाड तार बांधणे म्हणजे आगीला आमंत्रण. सोलवटलेली तार शोधावी, विशेषतः पत्र्याच्या भोकातून ती जेथे जाते तेथे.

चालत्या गाडीत वीज गेली तर काय? एम-३५ च्या मल्टिफ्युएल इंजिनला ठिणगीची गरज नसते. ते दाबाच्या उष्णतेवर डिझेल पेटवते आणि त्याचा इंधनपंप इंजिनच फिरवते. म्हणून सगळी वीज गेली तरी इंजिन चालूच राहते, आणि ओढतार ओढल्याशिवाय थांबत नाही. चालकाला वाटते की फक्त दिवे गेले. परंतु त्याच क्षणी हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारा बझरही मुका झालेला असतो, आणि ब्रेकचे दिवेही. घाटात, रात्री, मागून येणाऱ्या गाडीला असा ट्रक दिसत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला घेईपर्यंत इंजिन बंद करू नये, कारण ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच फिरतो.

राहता राहिले चार्जिंग. इंजिन मध्यम गतीने फिरत असताना दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून सुमारे २८ व्होल्ट दिसावेत. पंचविसाच्या वर आकडा चढतच नसेल तर आधी पट्टा सैल आहे का ते पाहावे, मग जोड, मग रेग्युलेटर. फळ्यावरच्या मीटरवर तांबडे, पिवळे व हिरवे पट्टे रंगवलेले असतात. काटा हिरव्यात असावा. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘आल्टर्नेटर चालतो का’ हे पाहण्याची एक वाईट रीत प्रचलित आहे. तिने दाब एकदम उसळतो आणि आल्टर्नेटरमधील डायोड जळतात. बॅटऱ्या उलट्या जोडल्या तरी तेच होते. शेवटची खोड हौशी मालकांची: साधा १२ व्होल्टचा रेडिओ बसवायचा म्हणून दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून वीज घेतात. ती बॅटरी सतत अर्धपोटी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून तिचे पाणी उडून जाते. वर्षभरात दोन्ही गेल्या. २४ चे १२ करणारे उपकरण बसवणे स्वस्त पडते.

दुरुस्ती संपल्यावर पकडी आवळून एकदा सेल्फ फिरवावा आणि लगेच प्रत्येक जोडाला पालथा हात लावून पाहावा. एखादा जोड शेजाऱ्यापेक्षा गरम लागला तर तो पुन्हा सोडून घासावा. शिसे मऊ असते. आवळलेली पकड काही दिवसांत थोडी ढिली पडते. महिन्याभराने पेटी उघडून, ऋण केबल आधी सोडून, सगळ्या पकडींना पुन्हा एकदा पाना लावावा.